भोपळ्याची तहान

मराठी भाषेनं भोपळ्याला फारसा मान दिलेला नाही. परीक्षेत शून्य मिळालं की भोपळा मिळाला. खोटी आशा संपली की भ्रमाचा भोपळा फुटला. दोघांचं पटत नसेल तर त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एक म्हातारी तेवढी भोपळ्यात बसून, वाघाला चकवून, लेकीच्या घरून सुखरूप परत आली. भोपळ्यात माणूस मावतं, हे आपण लहानपणी त्या गोष्टीत सहज मान्य केलं आणि मोठेपणी सोडून दिलं.

पण माणूस मावेल असे भोपळे खरोखर पिकतात. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात विंडसर नावाचं गाव आहे. तिथे १९९९ पासून भोपळ्यांची नौकाशर्यत भरू लागली. भोपळा वरून कापायचा, आतून पोखरायचा, त्यात बसायचं आणि वल्हवत तळं पार करायचं. याच गावच्या हॉवर्ड डिल या शेतकऱ्यानं वर्षानुवर्षं निवड करत ‘अटलांटिक जायंट’ नावाचं वाण तयार केलं. १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षं त्याचा भोपळा जगात सर्वांत जड ठरला. २००८ साली डिल वारला, पण आजचे विक्रमी भोपळे त्याच्याच वाणाच्या वंशातले असतात.

या वाढीचा वेग पाहा. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात ४०३ पौंडांचा, म्हणजे सुमारे १८३ किलोंचा भोपळा आला होता. तो विक्रम सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकला. २०१२ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या टॉप्सफील्डच्या जत्रेत पहिल्यांदा दोन हजार पौंडांचा टप्पा ओलांडला गेला. आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधल्या दोन जुळ्या भावांचा भोपळा १२७८.८ किलो भरला. आपल्या रस्त्यावर धावणाऱ्या छोट्या मोटारीपेक्षा हे वजन जास्त आहे.

मी कवी माणूस. बी.ए.ला मराठी घेतलेलं. पण सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या मळ्यात अब्बांबरोबर रात्री-अपरात्री दारं धरायला मी जात असे, त्यामुळे पिकाला पाणी पाजणं म्हणजे काय याची ओळख आहे. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात नोकरीला आहे. टॉप्सफील्डच्या जत्रेत भोपळे तोलताना पाहून त्याला नाद लागला. २०२२ च्या सुरुवातीला त्याचा फोन आला, ‘‘मामू, बी मिळालं, जागा आहे, खतही आणलं. आता पाणी कुठलं देऊ आणि कसं देऊ?’’

वरवर हा हौसेचा प्रश्न आहे. पण त्याचं उत्तर शोधायला लागलं की पाण्याविषयीच्या आपल्या बऱ्याच समजुती तपासून घ्याव्या लागतात. म्हणून आज तेच सांगणार आहे.

सुरुवात हिशेबानं करू. भोपळ्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असतं. भर वाढीच्या दिवसांत हा राक्षसी भोपळा दिवसाला वीस किलोच्या आसपास वजन घेतो. म्हणजे रोज अठरा-एकोणीस लिटर पाणी त्याच्या पोटात जातं. एवढंच लागलं असतं तर दोन बादल्यांत काम भागलं असतं. पण वेलाचा पसारा सुमारे ऐंशी चौरस मीटर असतो आणि पानं परातीएवढी. कडक उन्हाच्या दिवशी पानं आणि माती मिळून पाच मिलिमीटरपर्यंत पाणी हवेत सोडतात. एक मिलिमीटर पाणी एक चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर. तेव्हा ऐंशी गुणिले पाच, चारशे लिटर झाले. हे एका वेलाचं एका दिवसाचं पाणी. त्यातले अठरा लिटर भोपळ्याचे, बाकीचे बहुतेक सगळे आभाळाचे.

मग हे आभाळात जाणारं पाणी वाया गेलं का? नाही. पानांवर बारीक रंध्रं असतात. त्यांतून वाफ बाहेर पडते आणि त्यांतूनच हवा आत येते, जिच्यापासून पान साखर तयार करतं. पाणी कमी पडलं की पान ही दारं लावून घेतं. साखर थांबते. फळाला जे मिळतं ते मुख्यतः या साखरेच्या रसातून मिळतं, नुसत्या पाण्यातून नाही. म्हणून मुळाशी कितीही ओतलं तरी पान चालू नसेल तर भोपळा वाढत नाही. आणि मुळाशी पाणी तुंबलं तर मुळांना हवा मिळत नाही, मग तीही काम सोडतात. आपल्या शेतकऱ्याकडे यासाठी एक नेमका शब्द आहे, वापसा. माती ओली आहे पण चिखल नाही, मुठीत धरली तर गोळा होतो आणि बोटानं दाबला तर फुटतो. मोठा भोपळा पिकवण्याचं पाण्याचं सारं शास्त्र म्हणजे शंभर दिवस वापसा टिकवणं.

आता स्रोत. भाच्याच्या घराला गावच्या नळाचं पाणी आहे, आवारात जुनी बोअर आहे, मागे एक तळं आहे आणि डोक्यावर छप्पर आहे. चारही पर्याय हाताशी असल्यामुळे निवड करणं भाग होतं.

नळाचं पाणी पहिलं. ते स्वच्छ असतं, तपासलेलं असतं, त्यात रोगाचे जंतू नसतात. लोक त्यातल्या क्लोरिनला भितात. पिण्याच्या पाण्यात असतो तेवढ्या क्लोरिननं वेल मरत नाही आणि मातीतले उपयोगी जीवही फारसे हटत नाहीत. तरी मनाला वाटलं तर उघड्या टाकीत पाणी दिवसभर ठेवावं, क्लोरिन उडून जातो. काही शहरं मात्र क्लोरिनऐवजी क्लोरामाइन वापरतात, ते असं ठेवून जात नाही. नळाच्या पाण्याचे खरे दोष दोन. त्याचं बिल येतं. आणि ऐन उन्हाळ्यात, जेव्हा त्याची सर्वाधिक गरज असते, तेव्हाच गाव त्यावर निर्बंध घालू शकतं.

दुसरं बोअरचं पाणी. ते आपलं वाटतं, पण त्याची परीक्षा केल्याशिवाय ते वापरू नये. भूगर्भात पाणी खडकांमधून फिरतं आणि क्षार सोबत आणतं. क्षार किती, हे विद्युतवाहकतेवरून मोजतात. डेसिसायमन हे त्याचं माप आहे. दर मीटरला ०.७ डेसिसायमनच्या खाली असेल तर पाणी कुठल्याही पिकाला निर्धास्त द्यावं. त्याच्या वर गेलं तर जपून, आणि ३ च्या वर गेलं तर बहुतेक पिकांना त्याचा त्रास होतो. भोपळ्यासारख्या पिकाला रोज पाणी द्यायचं असतं. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, म्हणून मचूळ पाण्याचं नुकसान दिवसेंदिवस साठत जातं. पाण्यात लोह असेल तर ठिबकच्या तोट्या तांबूस गाळानं बुजतात.

बोअरवाल्या अमेरिकन घरांत आणखी एक सापळा असतो. तिथे जड पाणी मृदू करण्याचं यंत्र बसवलेलं असतं. ते कॅल्शियम काढून घेतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. असं पाणी साबणाला चांगलं, झाडाला वाईट. सोडियम मातीची घडण मोडतो. म्हणून बागेची नळी त्या यंत्राच्या अलीकडून घ्यावी लागते. आपल्याकडेही आता बंगल्यांत आणि सोसायट्यांत अशी यंत्रं बसू लागली आहेत, तेव्हा गच्चीवर बाग करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

बोअरच्या पाण्याचा तिसरा गुण थंडपणा. आपल्याकडे विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार लागतं म्हणून आपण खूश होतो. मॅसॅच्युसेट्समध्ये जमिनीखालचं पाणी दहा-बारा अंशांवर असतं. भोपळा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, ऊबदार माती मागणारा. गारठलेलं मूळ पाणी नीट ओढू शकत नाही, समोर असलं तरी. म्हणून तिथले जाणकार पाणी आधी टाकीत भरून दिवसभर उन्हात तापू देतात. हजार लिटरच्या चौकोनी प्लास्टिकच्या टाक्या मिळतात. त्यांत पूर्वी रसायन भरलेलं नसावं, एवढं पाहून घ्यायचं. टाकीला सूर्यप्रकाश थेट आत गेला तर शेवाळ धरतं, म्हणून ती काळ्या कापडानं झाकायची. झाकली की शेवाळही होत नाही आणि पाणी तापतंही लवकर.

तिसरं तळ्याचं पाणी. ते कोमट असतं आणि फुकट असतं, म्हणून मोह होतो. पण तळं म्हणजे सगळ्या उताराचं उत्तरपत्रक. शेजाऱ्यानं हिरवळीवर तणनाशक मारलं तर ते वाहून तिथेच येतं. भोपळ्याच्या मुळाला आणि फळाला सडवणारी फायटोफ्थोरा नावाची बुरशी वाहत्या आणि साठलेल्या पाण्यातून पसरते. वरून गाळ, शेवाळ, काडीकचरा. गाळणी बसवल्याशिवाय ते ठिबकला चालत नाही आणि बुरशी तर गाळणीतूनही निसटते. भाच्यानं हा पर्याय पहिल्यांदा बाद केला.

चौथं पावसाचं पाणी. गुणानं याच्या तोडीचं दुसरं नाही. क्षार जवळजवळ शून्य, हवेच्या तापमानाचं आणि कोणाचंही नसलेलं. अडचण मापाची आहे. अमेरिकेत छपराखाली ठेवायचं नेहमीचं पिंप दोनशे लिटरच्या आसपास असतं. वेलाची गरज चारशे. म्हणजे अर्धा दिवस. पण छप्पर शंभर चौरस मीटरचं असेल तर दहा मिलिमीटर पावसात हजार लिटर पडतात, थोडी गळती धरून आठ-नऊशे हाती येतात. मॅसॅच्युसेट्समध्ये वर्षाला सुमारे अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बाराही महिन्यांत विभागलेला असतो. आपल्यासारखा चार महिन्यांत उरकत नाही. त्यामुळे तिथे दोन मोठ्या टाक्या पुन्हा पुन्हा भरतात. आपल्याकडे त्याच टाक्या जूनमध्ये भरून ओसंडतील आणि मार्चमध्ये कोरड्या असतील.

या चौघांतून भाच्यानं एक न निवडता क्रम लावला. आधी पावसाचं. ते संपलं की बोअरचं, टाकीत तापवून. अगदीच अडलं तर नळाचं. मला हा क्रम योग्य वाटला. स्रोत निवडताना पाणी किती आहे यापेक्षा ते न चुकता किती दिवस मिळेल, हे विचारायचं असतं. उत्तम पाणी दहा दिवस देऊन अकराव्या दिवशी हात वर करण्यापेक्षा बऱ्यापैकी पाणी शंभर दिवस देणं केव्हाही चांगलं.

आता पद्धत. त्यासाठी आधी मुळं कुठे आहेत हे कळायला हवं. आपण सवयीनं बुंध्याशी पाणी ओततो. पण भोपळ्याचा वेल जमिनीवर सरपटत जातो आणि त्याच्या प्रत्येक पेराला मुळं फुटू शकतात. मोठे भोपळे पिकवणारे लोक ही पेरं मुद्दाम मातीनं झाकतात. ऑगस्टमध्ये वेलाला पाणी पाजणारी मुळं ऐंशी चौरस मीटरभर पसरलेली असतात. बुंध्याशी मात्र जुनं, जाड, भेगाळलेलं खोड असतं. तिथे ओल राहिली की ते सडतं आणि सगळा संसार आटोपतो. तेव्हा पहिला नियम असा की बुंधा कोरडा आणि बाकी वावर ओलसर.

हातात नळी धरून पाणी देणं ही सर्वांत जुनी पद्धत. तिचा फायदा म्हणजे माणूस रोज वेलाजवळ जातो, पान पाहतो, कीड दिसते. तोटा म्हणजे चारशे लिटर सारखे वाटायला तासाहून अधिक वेळ लागतो, आणि कंटाळा आला की माणूस वरची माती काळी करून परततो. खाली चार बोटांवर कोरडंच असतं.

तुषार सिंचन, म्हणजे फवारे, सगळ्या क्षेत्रावर पाणी टाकतात. फार उकाडा असेल तेव्हा दुपारी थोडा वेळ बारीक तुषार सोडले तर पानं थंड होतात. पण बरंच पाणी वाऱ्यावर जातं, पाणी जड असेल तर पानांवर पांढरे डाग पडतात आणि संध्याकाळी पानं ओली राहिली तर रोग येतो. इथे एक बारकावा आहे. भुरी रोगाला पान ओलं असण्याची गरज नसते, दमट हवा पुरते. केवडा रोगाला मात्र पानावर पाण्याचा थर लागतो. म्हणून तुषार वापरायचे तर अंधार पडायच्या आत पानं वाळतील अशा वेळी वापरायचे.

ठिबक आपल्या महाराष्ट्राला समजावून सांगायची गरज नाही. इस्रायलमध्ये १९६० च्या दशकात रूढ झालेली ही पद्धत आपल्या द्राक्ष, डाळिंब आणि केळीच्या बागांनी केव्हाच आपलीशी केली. भोपळ्यासाठी नळ्या दीड-दोन फुटांच्या अंतरानं अंथरायच्या. ताशी दोन लिटरच्या शंभर तोट्या असतील तर दोन तासांत चारशे लिटर होतात. पानं कोरडी राहतात, बुंध्याजवळची तोटी बंद ठेवता येते, आणि पाणी इतकं हळू येतं की थंड असलं तरी काळ्या नळीत आणि वरच्या मातीत ते कोमट होतं. मात्र माती रेताड असेल तर पाणी सरळ खाली जातं, बाजूला पसरत नाही. तिथे तोट्या जवळ जवळ हव्यात आणि पाणी थोडं थोडं, दिवसातून दोनदा द्यायला हवं. चिकण मातीत तोट्या लांब चालतात, पण दोन पाण्यांत अंतर ठेवावं लागतं.

झाडाला दुरून पाणी देण्याची अक्कल ठिबकच्या नळीबरोबर आली असं मात्र नाही. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात फान शेंगझी नावाच्या कृषितज्ज्ञानं एक ग्रंथ लिहिला. मूळ ग्रंथ हरवला, पण सहाव्या शतकातल्या जिआ सीशिए याच्या कृषिग्रंथात त्याचे उतारे सापडतात. त्यात खरबुजासाठी अशी रीत दिली आहे: खड्ड्याच्या मध्ये मातीचं मडकं तोंडापर्यंत पुरायचं, त्यात पाणी भरायचं, भोवती बिया लावायच्या, वर कौल झाकायचं आणि पाणी उतरलं की भरत राहायचं. आपण ज्याला मटका सिंचन म्हणतो ते हेच. आणि मोठ्या तुंब्यासाठी दिलेली रीत तर थेट आपल्या विषयाची आहे. एका खड्ड्यात दहा बिया लावायच्या, वेल थोडे वाढले की दहाही एकत्र बांधून एकजीव करायचे, सर्वांत जोमदार शेंडा ठेवून बाकीचे खुडायचे. पहिली फळं काढून टाकायची, पुढची तीनच ठेवायची. आणि दुष्काळ पडला तर खड्ड्यात पाणी घालायचं नाही. भोवती चार बोटं खोल गोल चर काढून त्यात पाणी उभं करायचं, म्हणजे ओल दुरून झिरपत मुळाला भेटेल. आमच्या मळ्यात अब्बा आळ्याला बांगडीसारखा चर काढत, खोडाला पाणी लागू देत नसत. त्यांनी चिनी ग्रंथ वाचलेला नव्हता. ज्यांना पाणी मोजून मिळतं त्यांना अशा गोष्टी आपोआप सुचत असाव्यात.

पाणी कधी द्यायचं, हेही पद्धतीतच येतं. सकाळची वेळ उत्तम. भर दुपारी भोपळ्याची पानं मान टाकतात, ते पाहून नवखा माणूस घाबरून नळी उघडतो. पण एवढ्या मोठ्या पानातून वाफ इतक्या वेगानं जाते की माती ओली असतानाही पान दुपारी लवतं आणि सूर्य कलला की सावरतं. सकाळी उठून पाहावं. पहाटेही पान लवलेलं असेल तर माती खरंच कोरडी आहे. त्याआधी बोट मातीत खुपसून पाहणं सर्वांत स्वस्त.

आणि आता सर्वांत मोठा धोका. राक्षसी भोपळा फुटतो. मातीला ताण पडला की फळाची वाढ मंदावते आणि साल निबर होते. मग अचानक मुसळधार पाऊस आला किंवा मालकानं चुकल्यासारखं होऊन दुप्पट पाणी सोडलं, की आतला गर सालीपेक्षा वेगानं फुगतो. देठाजवळ किंवा बुडाशी तडा जातो. तो तडा पोकळीपर्यंत पोचला तर स्पर्धेत भोपळा बाद. चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत जाते. म्हणून सप्टेंबरमध्ये, हवा थंड होऊ लागली की, पाणी हळूहळू कमी करत न्यावं लागतं. काही मोठे उत्पादक वेल काचघरात किंवा प्लास्टिकच्या छताखाली वाढवतात. २०२५ चा विक्रमी भोपळाही असाच आडोशात वाढला होता. छताखाली पाऊस मालकाच्या मर्जीनं पडतो.

इथपर्यंत तंत्र झालं. पण २०२२ चा उन्हाळा मॅसॅच्युसेट्सला कोरडा गेला. तिथल्या सरकारनं दुष्काळ जाहीर केला आणि कितीतरी गावांनी घराबाहेर पाणी वापरण्यावर बंधनं आणली. भाच्याच्या गावात फवारे बंद झाले. नळाचं पाणी हातानं आणि तेही सकाळी-संध्याकाळी ठरलेल्या वेळेतच देता येत होतं. पावसाच्या टाक्या रिकाम्या. उरली बोअर. खासगी बोअरला त्या गावात नियम लागू नव्हता. कायद्यानं तो रोज चारशे लिटर उपसायला मोकळा होता.

त्या दिवसांत आमच्या आपा त्याच्याकडे राहायला गेल्या होत्या. आपांचं आयुष्य टँकरची वाट पाहण्यात गेलेलं. मुलाला त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘बोअर तुझी आहे, बाळा. खालचं पाणी तुझं आहे का?’’

भाच्यानं मला फोन करून हे सांगितलं तेव्हा तो चिडलेला होता. त्याचं म्हणणं असं की शेजारी पोहण्याचा तलाव भरतात, हिरवळ भिजवतात, मग मी एक वेल जगवला तर काय बिघडलं? त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण आपांचाही हिशेब होता. आपल्याकडे ग्रामीण भागात नळ योजना आखताना माणशी रोज पंचावन्न लिटर पाणी धरतात. चारशे लिटर म्हणजे सात माणसांचं पाणी. आणि तो भोपळा खाण्याचाही नव्हे. एवढा मोठा भोपळा चवीला पाणचट, दोरखंडासारख्या रेषांचा असतो.

मी त्याला नाद सोड म्हणालो नाही. निरुपयोगी गोष्टी मन लावून करण्याविरुद्ध बोलण्याचा अधिकार कवीला नाही. पण आम्ही दोघांनी फोनवर हिशेब मांडला. वेलाचे शेंडे खुडून पसारा पन्नास चौरस मीटरवर आणायचा, म्हणजे गरज अडीचशे लिटरवर येते. जमीन गवताच्या काडानं झाकायची, म्हणजे मातीतून उडणारं पाणी वाचतं. ठिबक पहाटे एकदा आणि दुपारपूर्वी एकदा, तेही बोट घालून पाहिल्यावरच. भांडी धुतलेलं पाणी वापरावं का, असं आपांनी विचारलं. ते मी थांबवलं, कारण साबणात सोडियम असतो आणि रोजच्या वापरात तो मातीत साठतो. भाच्यानं हे सगळं केलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकदम जोराचा पाऊस आला. त्याचा भोपळा फुटला नाही, कारण माती आधीपासून वापशावर होती आणि पावसानं तिला धक्का दिला नाही. ऑक्टोबरात तोलला तेव्हा तो २१४ किलो भरला. बक्षीस मिळालं नाही. १९०४ साली तो जगात पहिला आला असता, एवढं मात्र मी त्याला कळवलं.

आपल्या परसातल्या लाल भोपळ्याला यातलं काय घेता येईल? जवळजवळ सगळं. आळं बुंध्याला चिकटून करू नका, हात-दीड हात लांब गोल चर ठेवा. वेल पसरेल तसतसं पाणी पुढे न्या. पाला-पाचोळ्यानं माती झाका. बोअरचं पाणी मचूळ लागत असेल तर एकदा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात तपासून घ्या. चार दिवस विसरून पाचव्या दिवशी बादल्या ओतण्यापेक्षा रोज तांब्याभर परवडतं. दोन वेलांना मध्ये एक झिरपणारं मडकं पुरलं तर दोन दिवस गावाला जाऊन येता येतं.

आणि न खाण्याच्या भोपळ्याला आपण हसायचं कारण नाही. आमच्याच जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या परिसरात, प्रचंड भोपळे पिकतात. तेही कोणी खात नाही. ते मिरजेला जातात आणि तंबोरा, सतार होतात. त्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फरक असा की या भोपळ्याची साल लाकडासारखी व्हावी लागते. त्यासाठी फळ वेलावरच पिकू द्यायचं, वाळू द्यायचं. तिथे पाणी कधी थांबवायचं हे कळावं लागतं. वजनाचा भोपळा असो की सुराचा, शेतकऱ्याला दोन्हीकडे एकच गोष्ट शिकावी लागते: पाणी हातात आहे म्हणून सोडायचं नसतं, मुळाला हवं तेव्हा आणि हवं तेवढंच द्यायचं असतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)